बाळ आपल्याकडे बघत असतं



नेहमी आपण या कार्यक्रमात बचत, कर्जफेड, शेळ्या, मसाला कांडप यावर बोलतो. आज थोडा वेगळा विषय आहे. तान्हं बाळ कशाकडे बघतं, माणसाच्या हालचालींतून ते काय शिकतं, आणि हे जगाला कसं कळत गेलं, त्याचा हा इतिहास आहे.

विषय निघाला आमच्याच गटाच्या बैठकीतून. एक तरुण आई तिच्या सात महिन्यांच्या बाळाला घेऊन यायची. बाळ किरकिर करायचं, मग हिशेब चुकायचा, बाया वैतागायच्या. आमच्यातलीच एक म्हणाली, "अगं, मोबाईल लावून दे त्याच्यापुढे, गप बसेल." तिने लावला. बाळ गप बसलं. आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या चार बैठका तसंच चाललं. पाचव्या बैठकीला ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, आता घरीपण तो मोबाईलशिवाय घास घेत नाही. सासूबाई म्हणतात, तूच सवय लावलीस."

आम्ही सगळ्या गप्प झालो. सवय तिने एकटीने लावली नव्हती. सांगितलं तर आम्हीच होतं. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "लेकराला माणूस लागतं गं बघायला."

आजींचं म्हणणं पटलं, पण ते का खरं आहे, ते आम्हाला सांगता येईना. म्हणून आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

वडिलांच्या वह्या

बाळाला काय दिसतं, काय कळतं, हा प्रश्न जुनाच आहे. अडचण एकच. बाळाला विचारता येत नाही. म्हणून पहिले अभ्यासक काय करायचे, तर घरातल्याच बाळाकडे बघून वहीत लिहून ठेवायचे.

चार्ल्स डार्विन हे नाव आपण शाळेत ऐकलं आहे. माकड आणि माणूस यांचे पूर्वज एकच होते, असं सांगणारे ते इंग्रज शास्त्रज्ञ. त्यांचा पहिला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला. डार्विननी त्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या आणि पुढे १८७७ साली छापल्या. नवव्या दिवशी बाळाची नजर मेणबत्तीवर ठरली, साधारण दीड महिन्याने ते खरं हसलं, असं त्यात आहे. पाच महिन्यांचं असताना टोपी आणि अंगरखा चढवला की लगेच बाहेर नेलं नाही तर ते चिडायचं, असंही आहे. यातलं काय नवीन, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडेही कुंची बांधली की लेकरू दाराकडे झेपावतं. हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. नवीन एवढंच होतं की एका मोठ्या शास्त्रज्ञाने ते लिहून ठेवण्याजोगं मानलं.

त्यानंतरचं मोठं नाव स्वित्झर्लंडमधल्या ज्यां पियाजे यांचं. १९२५ पासून पुढे त्यांना तीन मुलं झाली. या तिघांच्या निरीक्षणांवर त्यांनी पुस्तकं लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. त्यांची पत्नी व्हॅलेंटिनसुद्धा ही निरीक्षणं करायची. पुस्तकांवर नाव मात्र पियाजेंचं.

पियाजे म्हणत, बाळ हळूहळू, स्वतःच्या हातापायांनी जग चाचपत शिकतं. ते बरंचसं खरं निघालं. पण त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. स्वतःला न दिसणारी हालचाल, म्हणजे जीभ बाहेर काढणं किंवा तोंड वासणं, याची नक्कल आठ-नऊ महिन्यांच्या आधी बाळाला जमत नाही. या म्हणण्यावरून पुढे मोठं भांडण झालं. त्याकडे आपण येऊच.

नजरेलाच विचारलं

१९५० नंतर अमेरिकेत रॉबर्ट फँट्झ नावाच्या अभ्यासकाने एक सोपी युक्ती काढली. बाळाला बोलता येत नाही, पण बघता तर येतं. मग त्याच्या नजरेलाच विचारू. बाळाला उताणं निजवायचं, वर दोन चित्रं टांगायची आणि मधल्या बारीक भोकातून बाळाच्या डोळ्यांत बघायचं. बाहुलीवर ज्या चित्राचं प्रतिबिंब पडलंय, त्या चित्राकडे बाळ बघतंय. कोणत्या चित्राकडे किती वेळ, ते मोजायचं.

या मोजणीतून कळलं की अगदी कोवळं बाळही सगळीकडे सारखं बघत नाही. कोऱ्या रंगापेक्षा नक्षी त्याला आवडते, आणि चेहऱ्यासारखं चित्र त्याची नजर धरून ठेवतं. नवजात बाळाला काहीच समजत नाही, तो नुसता मांसाचा गोळा, हा समज इथून ढासळायला लागला.

पण ही चित्रं होती, जागच्या जागी थांबलेली. आपण काय, चित्रासारख्या थांबून राहतो का? बाळ जन्मल्यापासून बघतं ते चालणाऱ्या, वाकणाऱ्या, हात हलवणाऱ्या माणसांना. त्या हालचालीचं काय?

अंधारातले दहा-बारा ठिपके

त्यासाठी आधी फ्रान्समध्ये जावं लागेल. सिनेमा यायच्या आधीची गोष्ट. एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले. हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि चालताना एकामागून एक झटपट फोटो घेतले. फोटोत माणूस दिसेना, नुसत्या पट्ट्यांच्या रेषा उमटल्या. तरी चाल ओळखू यायची.

हाच धागा पुढे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गुन्नार योहान्सन यांनी धरला. त्यांनी माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, कंबरेवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर चमकणारे ठिपके लावले. असे दहा-बारा ठिपके. बाकी सगळा अंधार. माणूस उभा असेपर्यंत बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसायचे, काही बोध व्हायचा नाही. पण माणसाने पाऊल उचललं की बघणारा लगेच म्हणायचा, "अरे, माणूस चालतोय!" हे ओळखायला सेकंदाचा छोटासा भागही पुरायचा. योहान्सन यांचा हा लेख १९७३ साली आला.

आपल्याकडे याचा अनुभव कोणाला नाही? पहाटेच्या अंधारात बांधावरून कोणी येत असेल तर तोंड दिसत नाही, लुगड्याचा रंग कळत नाही. तरी नुसत्या चालीवरून आपण म्हणतो, "अमकीची सासू आली बघ." आपला मेंदू माणसाची हालचाल वेगळी काढून ओळखतो. योहान्सन यांनी ते मोजून दाखवलं.

आता प्रश्न असा की हे आपण मोठं होता होता शिकतो, की घेऊनच जन्मतो?

१९८२ साली अमेरिकेत रॉबर्ट फॉक्स आणि सिंथिया मॅकडॅनियल यांनी हेच ठिपके बाळांना दाखवले. एका बाजूला धावणाऱ्या माणसाचे ठिपके, दुसऱ्या बाजूला तेवढेच ठिपके पण वाटेल तसे हलणारे. चार आणि सहा महिन्यांची बाळं माणसाच्या ठिपक्यांकडे जास्त बघत राहिली. दोन महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून त्या वेळी वाटलं की ही ओळख दोन आणि चार महिन्यांच्या मध्ये कधीतरी येत असावी.

अंड्यातून निघालेलं पिल्लू

यापुढचा पुरावा कोंबडीच्या पिल्लांनी दिला. कुक्कुटपालन करणाऱ्या मैत्रिणींनो, हे नीट ऐका.

इटलीत जॉर्जिओ व्हॅलोर्तिगारा, लुसिया रेगोलिन आणि त्यांच्या सोबत्यांनी अंधारात उबवलेली पिल्लं घेतली. त्यांनी आईला पाहिलं नव्हतं, कशालाच पाहिलं नव्हतं. त्यांना पडद्यावर दोन प्रकारचे हलणारे ठिपके दाखवले, एक चालत्या कोंबडीचे आणि दुसरे वाटेल तसे हलणारे. पिल्लं चालत्या कोंबडीच्या ठिपक्यांकडे गेली. गंमत पुढे आहे. ठिपके चालत्या मांजराचे असले तरी पिल्लं तिकडेच गेली! म्हणजे पिल्लू 'आई' ओळखत नव्हतं. 'हे जिवंत आहे, चालतंय' एवढंच त्याला आतून कळत होतं. आईची ओळख त्यानंतर, तिच्यामागे फिरून होते. हे २००५ साली छापून आलं.

मग याच इटलीत, पादुआ गावात, फ्रान्चेस्का सिमिओन यांनी रेगोलिन आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर दवाखान्यातली दोन दिवसांची माणसाची बाळं घेतली. त्यांनाही चालत्या कोंबडीचेच ठिपके दाखवले. मुद्दाम कोंबडीचे, कारण दोन दिवसांच्या बाळाने कोंबडी पाहिलेली असणं शक्यच नाही. बाळं जिवंत चालीच्या ठिपक्यांकडे जास्त बघत राहिली. तेच ठिपके उलटे केले, डोकं खाली आणि पाय वर, तर सुलट्या चालीकडे जास्त बघितलं. ही गोष्ट २००८ सालची.

याचा अर्थ काय? बाळ कोरी पाटी घेऊन येत नाही. जिवंत हालचालीकडे वळणारी नजर ते सोबत घेऊन येतं. पण नुसती नजर वळून भागत नाही. समोर हलणारं-बोलणारं माणूस असावं लागतं, तरच पुढचं शिक्षण होतं. आजी म्हणाल्या ते हेच.

जिभेचं भांडण

आता पियाजेंच्या म्हणण्याकडे परत येऊ. १९७७ साली अमेरिकेतल्या अँड्र्यू मेल्ट्झॉफ आणि कीथ मूर यांनी लिहिलं की १२ ते २१ दिवसांची बाळंही मोठ्या माणसाने जीभ काढली तर जीभ काढतात, तोंड उघडलं तर तोंड उघडतात. केवढी खळबळ! पियाजे आठ-नऊ महिने म्हणत होते आणि इथे तीन आठवडेही झाले नव्हते. पुढची चाळीस वर्षं हे बहुतेक पुस्तकांत छापलं गेलं.

मग २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या यानीन ऊस्टेनब्रुक, व्हर्जिनिया स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १०६ बाळांना पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या आठवड्यात पुन्हा पुन्हा तपासलं. जीभ, तोंड, हसू, बोट दाखवणं असे बरेच हावभाव करून पाहिले. बाळं जीभ काढायची खरी, पण समोरच्याने काही वेगळं केलं तरीही काढायची. म्हणजे ती नक्कल म्हणता येईना. मेल्ट्झॉफ यांनी या अभ्यासात चुका दाखवल्या, त्यावर पुन्हा उत्तर आलं. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. शास्त्र म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. एकाने सांगितलं, दुसऱ्याने पुन्हा मोजून बघितलं, असंच ते पुढे जातं. म्हणून कोणी 'शास्त्र सांगतं' म्हणत महागडी खेळणी नाहीतर 'बुद्धी वाढवणारे' व्हिडिओ विकायला आला, तर आपणही विचारायचं, कोणी मोजलं, किती बाळांवर मोजलं?

या भांडणातून एक गोष्ट मात्र पुढे आली. काही अभ्यासक म्हणतात, सुरुवातीला बाळ आपली नक्कल करत नाही, आपणच बाळाची करतो. ते तोंड उघडतं, आपण उघडतो. ते 'आऽऽ' म्हणतं, आपण 'आऽऽ' म्हणतो. ते भुवया उंचावतं, आपणही उंचावतो. दिवसातून कितीतरी वेळा असं होतं. त्यातूनच बाळाचा मेंदू जोडी लावतो, मी असं केलं की समोरचं तोंड असं दिसतं. आपल्या आत्या, मावश्या, आज्या बाळाला मांडीवर घेऊन तोंडं वेडीवाकडी करतात, ते वेळ घालवणं नव्हे. बाळाचा पहिला धडा तोच असू शकतो.

चेहरा थांबला तर

हालचाल थांबली तर काय होतं, हेही तपासलं गेलं. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना सांगितलं, आधी नेहमीसारखं बाळाशी खेळा. मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहा, पण चेहरा अजिबात हलवू नका. काही महिन्यांचीच बाळं ती. आधी त्यांनी हसून बघितलं, हात हलवले, आवाज काढले, आईला परत बोलतं करायचा प्रयत्न केला. काही जमेना तेव्हा तोंड फिरवलं आणि हिरमुसली.

हे वाचताना आमच्यातल्या एकीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "कापूस वेचून आल्यावर माझा चेहरा असाच असायचा. हसायची ताकदच नसायची." म्हणून यातलं पुढचंही ऐकून ठेवा. ट्रॉनिक यांच्याच नंतरच्या कामातून दिसलं की चांगल्या, मायाळू आयांचा आणि बाळांचाही सूर सारखा जुळलेला नसतो. बराच वेळ तो तुटलेलाच असतो. तुटतो, पुन्हा जुळतो, आणि या पुन्हा जुळण्यातूनच बाळ शिकतं. तेव्हा थकलेल्या आईने मनाला लावून घेऊ नये. तिच्या वाट्याला थोडी विश्रांती यावी आणि बाळासमोर आणखी एखादा चेहरा असावा, ही जबाबदारी घराची आहे.

हाताने केलं की डोळ्यांना कळतं

बाळ हालचालींमधून 'कशासाठी' हे कधी ओळखतं? १९९८ साली अमेरिकेत अमांडा वुडवर्ड यांनी सहा महिन्यांच्या बाळांना दोन खेळणी दाखवली. एक हात वारंवार त्यातलं एकच खेळणं धरायचा. मग खेळण्यांच्या जागा बदलल्या. हाताने आता दुसरंच खेळणं धरलं, तर बाळं टक लावून बघायची, जणू 'हे काय? तुला तर ते हवं होतं ना?' हाताच्या जागी काठी वापरली तर मात्र त्यांना एवढं नवल वाटायचं नाही. हात माणसाचा, म्हणून त्यामागे इच्छा आहे, हे सहा महिन्यांच्या बाळाला उमगतं.

तीन महिन्यांच्या बाळाला हे उमगत नाही, कारण त्याला स्वतःलाच अजून नीट धरता येत नाही. मग २००५ साली जेसिका सोमरव्हिल, वुडवर्ड आणि एमी नीडहॅम यांनी तीन महिन्यांच्या बाळांना हातमोजे घातले. पिशवीला किंवा चपलेला चर्र आवाज करत उघडणारी पट्टी असते ना, तशी पट्टी हातमोज्यांना आणि खेळण्यांना लावलेली. बाळाने हात मारला की खेळणं चिकटून हातात! काही मिनिटं असं खेळल्यावर त्या बाळांनाही दुसऱ्याच्या हाताचा हेतू कळायला लागला. स्वतः केलं, म्हणून दुसऱ्याचं समजलं.

मेंदूच्या आत काय चालतं, तेही थोडंफार दिसलं. १९९२ साली इटलीतल्या पार्मा शहरात जाकोमो रिझोलाती यांच्या गटाने माकडाच्या मेंदूत अशा पेशी पाहिल्या, ज्या माकडाने वस्तू उचलली की जाग्या व्हायच्या आणि माणसाने उचललेली नुसती पाहिली तरीही जाग्या व्हायच्या. आरशासारख्या, म्हणून त्यांचं नाव आरसा-पेशी पडलं. त्यांच्या नावावर पुढे नको एवढ्या गोष्टी खपवल्या गेल्या, पण मूळ निरीक्षण टिकलं. मग २००८ साली नेदरलँडमध्ये १४ ते १६ महिन्यांच्या बाळांच्या डोक्याला तारांची टोपी घालून त्यांना दोन प्रकारचे व्हिडिओ दाखवले, रांगणाऱ्या बाळांचे आणि चालणाऱ्या बाळांचे. रांगणारं बाळ बघताना त्यांच्या मेंदूचा हालचालीचा भाग जास्त जागा झाला. जे बाळ जास्त दिवस रांगलं होतं, त्याचा आणखी जास्त. जे अंगाने केलेलं असतं, ते बघितलं की मेंदू मनातल्या मनात करूनच बघतो.

गावातल्या बाळांपर्यंत

हे सगळे प्रयोग श्रीमंत देशांतले. गावातल्या, गरीब घरच्या बाळांचं काय? हा प्रश्न संशोधकांनाही पडला. अंधारात बॅटरीवर तळहात धरला की तो लालबुंद दिसतो, उजेड मांसातून आरपार येतो. तसाच, डोळ्यांना न दिसणारा मंद उजेड वापरून बाळाच्या मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते बघणारी मऊ टोपी निघाली. तिने काही दुखत नाही. लंडनमध्ये सारा लॉइड-फॉक्स यांनी २००९ साली पाच महिन्यांच्या बाळांना एकीकडे हात हलवून खेळणाऱ्या बाया दाखवल्या आणि दुसरीकडे हलणारी यंत्रं. बायांच्या हालचाली बघताना कानामागच्या वरच्या भागात मेंदू वेगळा जागा झाला. मग हीच टोपी त्यांनी आफ्रिकेतल्या गांबिया देशातल्या केनेबा या खेड्यात नेली. २०१४ साली त्यांनी लिहिलं की तिथल्या शेतकरी घरांतल्या बाळांच्या मेंदूतही माणसं बघताना तसाच प्रतिसाद दिसला.

आपल्या देशातलीही एक गोष्ट सांगतो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचं काम सुरू केलं. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांना उपचारांनी दृष्टी द्यायची आणि त्यांचा मेंदू बघायला कसा शिकतो ते समजून घ्यायचं. २००९ साली त्यांनी अशा तीन जणांबद्दल लिहिलं. नव्याने दिसू लागल्यावर चित्रातली वस्तू त्यांना कळायची नाही. सावली, रंग, रेषा, सगळे वेगवेगळे तुकडे दिसायचे. पण तीच वस्तू हलली की सगळे तुकडे एकत्र यायचे आणि वस्तू कळायची. बघायला शिकवणारी पहिली गुरू म्हणजे हालचाल.

मोबाईलमध्येही माणसं हलतातच की!

तुम्ही विचाराल, आमच्याही बैठकीत एकीने विचारलंच, "मग मोबाईलमध्ये काय कमी हालचाल आहे?"

न्यूझीलंडच्या रेचल बार आणि हार्लीन हेन यांनी १९९९ साली हेच तपासलं. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना एका माणसाने समोर बसून खेळण्याशी काय करायचं ते दाखवलं. दुसऱ्या गटाला तेच टीव्हीवर दाखवलं. टीव्हीवर बघितलेल्या मुलांनी प्रत्यक्ष बघितलेल्यांपेक्षा कमी नक्कल केली. पडदा हलतो, बोलतो, पण बाळ हसलं म्हणून हसत नाही. बाळाने हात पुढे केला म्हणून वाकत नाही. बाळ त्याला खिळून राहतं, कारण हालचालीकडे वळणारी नजर ते जन्मतःच घेऊन आलंय. पण वळलेल्या नजरेला पलीकडून उत्तर मिळत नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको.

परगावच्या बाबांशी किंवा मामाशी व्हिडिओवर दोन मिनिटं बोलणं वेगळं. तिथे पलीकडे उत्तर देणारं माणूस असतं.

आमच्या गटाने काय ठरवलं

हे सगळं आम्ही त्या आईसमोर वाचलं, तिच्या सासूबाईंनाही बोलावून. सांगायचं होतं ते एवढंच की चूक सुनेची नव्हती. घरचं काम, शेतातलं काम, गटाचं काम आणि वर बाळाला माणूसही तिनेच पुरवायचं, हे एकटीला जमणारं नाही.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांना सांभाळायला त्या बायांपैकीच एकीला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे मूल सांभाळणं हे काम आहे, हे कायद्यानेही मानलं होतं. मग आपल्या बैठकीत का मानू नये?

आता दर बैठकीला एक बाई बाळांजवळ बसते. पाळीपाळीने. तिचं नाव हजेरीत लागतं आणि 'बाळांजवळ' असं इतिवृत्तात लिहिलं जातं. ती काय करते? बुवा-कुक करते, टाळ्या वाजवते, वाटी-चमचा देते, बाळ जे करेल ते करून दाखवते. पहिल्या बैठकीला त्या आजींनीच पाळी घेतली. दुसऱ्या महिन्यात आमच्यातल्या एकीचा नवरा तिला न्यायला लवकर आला आणि बाळांजवळच जाऊन बसला. आम्ही त्याला उठवलं नाही.

त्या आईचं बाळ मोबाईलवाचून जेवायला लगेच शिकलं नाही. आठ-दहा दिवस फार रडलं. सासूबाईंनी ते दिवस सोसले, घास घेऊन अंगणात फिरल्या, कोंबड्या दाखवल्या.

मैत्रिणींनो, एक काळजीची गोष्ट. दोन-तीन महिन्यांचं झालं तरी बाळ चेहऱ्याकडे बघत नसेल, चालणाऱ्या माणसामागे नजर फिरवत नसेल, तर 'होईल आपोआप' म्हणून थांबू नका आणि आईला बोलही लावू नका. आशाताईंना किंवा नर्सताईंना दाखवा. मुलांच्या तपासणीसाठी सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याच्या पथकाकडून बाळ तपासून घ्या. डोळ्यांचा दोष लवकर कळला तर उपाय होतो.

आज संध्याकाळी चूल पेटवताना, भाकरी थापताना, बाळाला तुमचे हात दिसतील असं बसवा, चुलीपासून लांब, कोणाच्या तरी मांडीवर. थोडा वेळ ते कशाकडे बघतं, ते बघा. पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा, आणि आम्हालाही कळवा.